देवी, गोवर आणि कोल्हापूरचीं मुलें

मराठींत 'देवी' हा एकच शब्द तीन गोष्टींस लावीत. देव्हाऱ्यांतील मूर्ति ती देवी. मुलाच्या अंगावर उठणारे फोड त्याहि देवी. आणि ते फोड उठूं नयेत म्हणून दंडावर लस टोचून घेणें, त्यासहि लोक 'देवी काढणें' असेंच म्हणत. पूजा, रोग आणि उपाय या तिहींस एक नांव मिळावें, हा निव्वळ योगायोग नव्हे. ज्या रोगापुढें माणसाचें कांहीं चालत नव्हतें त्याला त्यानें देवत्व दिलें, आणि पुढें उपाय सांपडला तेव्हां त्या उपायालाहि जुन्याच नांवानें घरांत घेतलें. हा प्रवास सरळ किंवा सोपा झाला नाहीं. कोल्हापूर आणि त्याच्या आसपासचा मुलूख डोळ्यांपुढें ठेवून तो पाहिला, तर आपल्या आज्यापणज्यांच्या मनांतील भीति आणि शहाणपण या दोहोंचीहि ओळख पटते.

लहानपणीं एका मुलापासून दुसऱ्यास लागणाऱ्या ज्या रोगांना आज विषाणुजन्य म्हणतात, त्यांपैकीं चार मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते: देवी, गोवर, कांजिण्या आणि गालगुंड. सूक्ष्मदर्शक यंत्र हाताशीं नसतांनाहि अनुभवी स्त्रियांना त्यांतील भेद बराचसा कळे. गोवर म्हणजे बारीक, लालसर, दाट पुरळ. त्याच्या आधीं तीन-चार दिवस ताप, सर्दी, खोकला आणि लाल झालेले, पाण्यानें भरलेले डोळे. कांजिण्या म्हणजे पाण्याचे फोड. ते छातीवर, पोटावर व पाठीवर अधिक, आणि एकाच वेळीं कांहीं ताजे तर कांहीं सुकलेले. देवीचे फोड मात्र चेहऱ्यावर आणि हातापायांवर अधिक उठत, हाताला टणक व खोल रुजल्यासारखे लागत, आणि एका भागावरचे सगळे बरोबरच पिकत. गालगुंडांत पुरळ नसे. कानाखालीं सूज येऊन घांस गिळणें कठीण होई.

हा भेद ग्रंथकारांनींहि पूर्वींच टिपला होता. माधवनिदानांत 'मसूरिका' आणि 'रोमान्तिका' यांचीं वर्णनें आहेत; पहिलीचा मेळ देवीशीं व दुसरीचा गोवराशीं घालतात. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत शीतलेचा विचार निराळा केलेला आहे. इराणांत अल्-राझी या विख्यात वैद्यानें दहाव्या शतकाच्या आरंभीं देवी व गोवर यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून दोहोंतील फरक सांगितला. कांजिण्या आणि सौम्य देवी यांची गल्लत मात्र युरोपांतहि दीर्घकाळ होत राहिली. १७६७ सालीं विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्यानें ती दूर केली. तेव्हां आपल्याकडील जाणत्या बायकांस या रोगांची पारख नव्हती, असें समजण्याचें कारण नाहीं. उणीव होती ती उपायाची.

देवी हा वास्तविक केवळ मुलांचा रोग नव्हता. ज्याला त्या पूर्वीं आल्या नसतील त्याला त्या कोणत्याहि वयांत येत. जेथें सांथ वारंवार फिरे तेथें मोठीं माणसें बहुधा आधींच तिच्यांतून गेलेलीं असत, आणि एकदां देवीतून उठलेल्या माणसाला त्या सहसा पुन्हां येत नसत. म्हणून नव्यानें सांपडत तीं मुलें. कोल्हापूरच्या राजघराण्याच्या इतिहासांतहि या रोगाची काळी रेघ दिसते. मार्च १७०० मध्यें छत्रपति राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले. त्यांच्या मागें कर्ण नांवाचा त्यांचा दासीपुत्र पुढें आला. परंतु थोड्याच दिवसांत तो देवीनें दगावला, असें इतिहासकार सांगतात. पुढें महाराणी ताराबाईंनीं आपला चार वर्षांचा पुत्र शिवाजी यास गादीवर बसवून मोगलांशीं झुंज चालविली. १७१४ सालीं राजवाड्यांत उलथापालथ झाली. ताराबाई व त्यांचे पुत्र कैदेंत पडले आणि राजसबाईंचे पुत्र संभाजी छत्रपति झाले. त्या कैदेंतच, १७२६ च्या सुमारास, तिशीच्या घरांत असतांना शिवाजी महाराज देवीनें वारले. ज्या मातेनें औरंगजेबाच्या फौजांना दाद दिली नाहीं, तिला आपल्या एकुलत्या पुत्राला या रोगापासून वांचवितां आलें नाहीं.

राजघराण्याची ही गत, तर सामान्य कुटुंबानें काय करावें? औषध नव्हतें. लस न टोचलेल्या ज्या माणसांना हा रोग त्याच्या उग्र स्वरूपांत होई, त्यांपैकीं शंभरांतून सुमारें तीस दगावत. वांचलेल्यांपैकीं अनेकांच्या तोंडावर जन्मभर वण राहत आणि कित्येकांची दृष्टि जाई. मुलगी असल्यास तिचें लग्न जुळेपर्यंत आईबापांच्या जिवाला घोर लागे. अशा वेळीं घराला जें करतां येण्यासारखें होतें तें त्यानें एका शिस्तींत बसविलें, आणि त्या शिस्तीला धर्माचा आधार दिला.

घरांत देवी आल्या कीं दारावर कडुनिंबाची डहाळी लावीत. ती पाहून परका माणूस उंबऱ्याबाहेरूनच परते. स्वयंपाकघरांत फोडणी बंद, तळण बंद. पुरुष दाढी-हजामत करीत नसत. आजाऱ्याच्या खोलींत पायांत वहाणा घालून जाणें, मोठ्यानें बोलणें, भांडणें वर्ज्य. मुलाला आजारी म्हणावयाचें नाहीं, 'आई आल्या आहेत' असें म्हणावयाचें. फोडांना आग होई म्हणून निंबाच्या पाल्यानें वारा घालीत, मऊ अंथरुणावर निजवीत, थंड व हलकें अन्न देत. खपल्या पडल्या कीं निंबाच्या पाण्यानें स्नान घालून देवीची बोळवण करीत. श्रावणांत शीतळासप्तमीस लेंकरांच्या क्षेमासाठीं आया व्रत करीत, तें अनेक घरांत आजहि होतें.

कोल्हापुरांत या भावनेचें एक सार्वजनिक रूपहि आहे. आषाढांत पंचगंगेला नवें पाणी येतें. तें कलशांत भरून वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर न्यावयाचें आणि त्र्यंबोली व मरगाई यांना वाहावयाचें, ही रीत आजहि चालू आहे. मरीआईचा संबंध विशेषेंकरून पटकीशीं जोडला जातो, देवीच्या रोगाशीं नव्हे. तरी पावसाळ्याच्या तोंडीं रोगराईपासून गांव राखला जावा, ही त्यामागील इच्छा शीतळेच्या व्रतामागील इच्छेहून निराळी नाहीं.

या जुन्या रिवाजांची थट्टा करणें सोपें आहे, पण तें न्यायाचें नव्हे. डहाळीनें परक्याला दूर ठेवणें हें विलगीकरण होतें. शांतता, स्वच्छता, थंडावा आणि अहोरात्र जवळ बसलेली आई ही शुश्रूषा होती. आणि ज्या रोगावर औषध नाहीं त्यांत शुश्रूषेचें मोल फार असतें. मुलाच्या ठायीं देवी मानल्यामुळें विद्रूप होत चाललेल्या त्या देहाचा कोणी तिटकारा करीत नसे. पण या शिस्तीची मर्यादाहि तितकीच स्पष्ट होती. ती रोग्याची सेवा करी, रोगाला अडवीत नसे. शिवाय तेंच पथ्य गोवरालाहि लावलें म्हणजे कधीं कधीं अपाय होई. गोवरांतील मुलाला पोषक अन्नाची आणि पुरेशा पाण्याची गरज असते. अंगांत उष्णता वाढेल या धास्तीनें त्याला उपाशी ठेवलें, तर आधींच क्षीण झालेलें शरीर आणखी खचतें.

रोगाला अडविण्याचा पहिला मार्ग आशियांतच निघाला. देवीच्या फोडांतील द्रव्य थोडेंसें निरोगी माणसाच्या कातडींत घालावें, म्हणजे बहुधा सौम्य देवी येऊन तो कायमचा सुरक्षित होतो, हें ज्ञान चीन, तुर्कस्तान आणि हिंदुस्थान या देशांत होतें. बंगाल्यांत हें काम करणारे टीकादार गांवोगांव फिरत. त्यांच्या पद्धतीचें सविस्तर वर्णन हॉलवेल या इंग्रजानें १७६७ सालीं प्रसिद्ध केलें. परंतु या मार्गांत धोका होता. टोचलेल्यांपैकीं कांहीं दगावत, आणि टोचलेल्या माणसापासून खरी देवी शेजाऱ्यास लागे. एडवर्ड जेन्नरनें १४ मे १७९६ रोजीं जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला गाईच्या देवीची लस टोचली, तिचें महत्त्व यांत आहे. गाईच्या देवीनें माणसाला देवीचा रोग होत नसे, पण त्यापासून संरक्षण मिळे.

ही लस हिंदुस्थानांत पोंचविणें हें त्या काळीं मोठेंच संकट होतें. समुद्रप्रवासाच्या उष्णतेंत ती निर्जीव होई. शेवटीं व्हिएन्ना येथील डॉक्टर द कारो यांच्या खटपटीनें ती कॉन्स्टँटिनोपल, बगदाद आणि बसरा या वाटेनें पुढें सरकली आणि मुंबईस पोंचली. अनेक मुलांना टोचूनहि ती लागली एकाच मुलीला. १४ जून १८०२ रोजीं तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉल हिच्या दंडावर ती उठली, आणि हिंदुस्थानांत यशस्वी झालेली ही पहिली लस होय. तिच्या दंडावरील फोडांतून दुसऱ्या मुलांस, त्यांच्या दंडावरून तिसऱ्यांस, अशी सांखळी सुरू झाली. पुणें, सुरत, हैदराबाद, मद्रास, सिलोन अशा दूरदूरच्या ठिकाणीं गेलेल्या लशीचें मूळ त्या एका लहान मुलीच्या दंडांत होतें.

पण दंडावरून दंडावर जाणारी ही सांखळीच लोकांच्या अविश्वासाचें मोठें कारण ठरली. लस टोचून आठवडा झालेलें मूल पुढच्या गांवीं न्यावयाचें, त्याचा फोड फोडून त्यांतील द्रव्य तेथील मुलांना टोचावयाचें, अशी ती रीत होती. आपल्या मुलाच्या ठणकणाऱ्या हातांतून द्रव्य काढूं द्यावयास कोणती आई आनंदानें तयार होईल? ज्या मुलापासून लस आली तें कोणत्या जातीचें, त्याच्या अंगांत दुसरा कोणता रोग नाहीं कशावरून, या शंका तर होत्याच. त्यांतील दुसरी शंका अगदीं निराधार नव्हती. या पद्धतीनें उपदंशासारखे रोग पसरल्याचीं उदाहरणें युरोपांत घडलीं होतीं. उन्हाळ्यांत लस बिघडे, म्हणून टोचणी मुख्यतः थंडीच्या महिन्यांत चाले. तरीहि अनेक टोचण्या फुकट जात. शिवाय लशीचें बळ कांहीं वर्षांनीं ओसरतें आणि ती पुन्हां टोचावी लागते, हें प्रथम कोणाला नीट उमगलें नव्हतें. परिणाम असा झाला कीं, देवी काढलेल्या मुलालाहि पुढें देवी आल्या, हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. ज्यांनीं असें पाहिलें त्यांच्या नकाराला नुसतें अज्ञान म्हणणें अन्यायाचें होईल.

मुंबई इलाख्यानें १८२७ च्या सुमारास या कामाची एक घडी बसविली. मुलुखाचे भाग पाडून प्रत्येकांत फिरते देवी काढणारे नेमले, आणि त्यांनीं केलेलें काम वरिष्ठांनीं गांवीं जाऊन, मुलांचे दंड पाहून तपासावें, असें ठरलें. ही तपासणी महत्त्वाची होती. कारण टोचल्याचा आंकडा आणि लस लागल्याचा आंकडा यांत मोठें अंतर पडे. देवी काढणारा गांवांत आला कीं मुलें कणगीमागें, माळ्यावर, शेतांत लपत, किंवा लपविलीं जात. त्याच्या हातांतील हत्यार, त्यानंतर येणारा ताप आणि सुजलेला दंड यांमुळें तो मुलांच्या भीतीचा विषय होऊन बसला होता.

विश्वास वाढण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली, लशीचा उगम बदलला. माणसाच्या दंडाऐवजीं वासराच्या अंगावर लस वाढवून ती टोचण्याची पद्धत आली. मुंबईंत १८६९ च्या सुमारास तिचे प्रयोग झाले, आणि अनंत चंद्रोबा दुखले या डॉक्टरांचें नांव त्यांच्याशीं जोडलेलें आहे. यामुळें एका मुलाचा रोग दुसऱ्यास लागण्याची आणि जातीच्या विटाळाची अशा दोन्ही शंकांचें मूळच तुटलें. वासराला होणाऱ्या क्लेशांबद्दल कांहीं धार्मिक लोकांनीं हरकत घेतली, ती मात्र राहिली. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं बेळगांव येथें लस तयार करण्याची सरकारी संस्था निघाली. बेळगांवची हवा थंड, आणि कोल्हापूर तेथून जवळ. त्या शहरांतील टिळकवाडीच्या 'व्हॅक्सीन डेपो' नांवाच्या मैदानावर आज लोक फिरावयास व खेळावयास जातात. पण एके काळीं लक्षावधि मुलांच्या दंडावर टोचली जाणारी लस तेथें तयार होत असे.

दुसरी गोष्ट म्हणजे दवाखाना. कोल्हापुरांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अल्बर्ट एडवर्ड रुग्णालय उभें राहिलें. तेंच पुढें छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखलें जाऊं लागलें. पण इमारत उभी राहिली म्हणून घरांतील स्त्री तिच्या दारांत येते, असें नाहीं. मुलाच्या अंगावरचें पुरळ प्रथम दिसतें आईला, आणि परक्या पुरुषाला तें दाखविण्यास तिचा संकोच आड येई. म्हणून १८८६ सालीं कोल्हापूर दरबारानें एक असामान्य गोष्ट केली. त्या वर्षाच्या ११ मार्चला अमेरिकेंतील पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवी मिळविलेल्या आनंदीबाई जोशी यांना दरबारानें या रुग्णालयाच्या स्त्रीविभागाची जागा देऊं केली. चौदा वर्षांची असतांना आनंदीबाईंना मुलगा झाला होता. तो दहा दिवसच जगला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर तो वांचता, ही रुखरुख त्यांच्या वैद्यकशिक्षणाच्या मुळाशीं होती. त्या नोव्हेंबर १८८६ मध्यें मायदेशीं परतल्या, पण क्षयानें पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. कोल्हापूरच्या स्त्रियांना त्यांची वाट पाहावी लागली ती लागलीच. पुढें शाहू महाराजांच्या कारकिर्दींत डॉक्टर कृष्णाबाई केळवकर यांनीं याच रुग्णालयांत काम केलें, आणि आपल्या भाषेंत बोलणारी, आपल्या रीतिभाती जाणणारी डॉक्टरीण कोल्हापूरच्या बायकांना लाभली.

कायदाहि आला. मुंबई शहरांत मुलांना देवी काढणें १८७७ च्या कायद्यानें सक्तीचें झालें, आणि १८९२ च्या दुसऱ्या कायद्यानें इलाख्यांतील इतर ठिकाणीं तशी सक्ति लागू करण्याची सोय झाली. सक्तीनें दंड पुढें करवितां येतो, मन पुढें करवितां येत नाहीं. जेथें देवी काढणारा ओळखीचा, लस ताजी आणि तपासणी खरी, तेथें लोक हळूहळू स्वतःच मुलें घेऊन येऊं लागले. विशेष हें कीं, त्यासाठीं त्यांना घरांतील देवी टाकावी लागली नाहीं. मूल टोचून आणावयाचें आणि फोड धरला कीं निंबाचा पाला जवळ ठेवावयाचा, असें दोन्ही चाले. 'देवी काढल्या' या शब्दप्रयोगानें ही तडजोड भाषेंत कायमची नोंदून ठेवली.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई राज्यांत विलीन झालें. त्यानंतरहि देवीचा रोग देशांतून हटला नव्हता. १९६२ सालीं राष्ट्रीय देवी निर्मूलन मोहीम सुरू झाली. उष्णतेंत टिकणारी सुकी लस आणि दोन टोंकांची साधी सुई, या दोन साधनांनीं काम सुलभ केलें. पण नुसतें अधिकाधिक लोकांना टोचीत गेल्यानें सांथ थांबेना. १९७४ सालींहि भारतांत १,८८,००० च्या आसपास रोगी नोंदले गेले. तेव्हां धोरण पालटलें. हातांत देवीच्या रोग्याचें चित्र घेऊन कार्यकर्ते घरोघर फिरले, रोगी कळविणाऱ्यास बक्षीस लावलें, आणि एक रोगी सांपडतांच त्याच्या सभोंवतालच्या सर्व माणसांना टोचून रोगाची वाट बंद केली. दारावर डहाळी लावून रोग्याला वेगळें ठेवण्याच्या जुन्या रिवाजाला आतां भोंवतालच्या लशीच्या कुंपणाची जोड मिळाली. मे १९७५ मध्यें भारतांतील शेवटचे रोगी आढळले. १९७७ च्या ऑक्टोबरांत सोमालियांत निसर्गतः झालेल्या या रोगाचा जगांतील शेवटचा रोगी आढळला, आणि ८ मे १९८० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याची घोषणा केली. माणसाला झालेल्या रोगांपैकीं मनुष्यप्रयत्नानें समूळ नष्ट झालेला हा एकच रोग होय.

देवी गेली, पण तिच्या जोडीनें ज्याचें नांव घेतलें जाई तो गोवर गेला नाहीं. आणि या इतिहासाचा अपुरा राहिलेला भाग येथेंच आहे. देवीला लोक भीत; गोवराला भीत नसत. गोवर प्रत्येक मुलाला एकदां निघावयाचाच, निघून गेलेला बरा, अशी सर्वत्र समजूत होती. या समजुतींत अर्धें सत्य होतें. गोवराइतका झपाट्यानें पसरणारा रोग क्वचितच असेल. गोवर झालेलें मूल खोलींतून निघून गेल्यावरहि त्याचा विषाणु तेथील हवेंत दोन तासांपर्यंत राहूं शकतो, आणि ज्यांना संरक्षण नाहीं अशा दहा जणांपैकीं नऊ जणांना तो गांठतो. १८४६ सालीं उत्तर अटलांटिकांतील फॅरो बेटांवर गोवर आला. तेथें १७८१ नंतर तो फिरकलाच नव्हता. सुमारें ७,८०० वस्तीपैकीं जवळ जवळ ६,००० माणसें आजारी पडलीं. परंतु १७८१ मध्यें ज्यांना गोवर झाला होता त्या म्हाताऱ्यांना तो पुन्हां झाला नाहीं. पॅनम या तरुण डॅनिश वैद्यानें केलेलें हें निरीक्षण आजहि प्रमाण मानलें जातें. १८७५ सालीं फिजी बेटांवर तोच रोग प्रथम पोंचला, तेव्हां तेथील सुमारें ४०,००० माणसें मृत्युमुखीं पडलीं.

गोवर सौम्य वाटतो याचें कारण, तो ज्यांना मारतो त्यांना बहुधा दुसऱ्याच नांवानें मारतो. पुरळ ओसरतें, आई सुटकेचा श्वास टाकते, आणि मग न्युमोनिया किंवा जुलाब मुलाला गांठतात. मृत्यूच्या नोंदींत गोवराचें नांवहि येत नाहीं. अ-जीवनसत्त्वाची उणीव असलेल्या मुलांची दृष्टि त्यानें जाते. शिवाय अलीकडील संशोधनानें असें दाखविलें आहे कीं, गोवर शरीराची पूर्वीच्या रोगांविषयींची स्मृतिच पुसून टाकतो. त्यामुळें गोवरांतून उठलेलें मूल पुढें कित्येक महिने इतर रोगांस सहज बळी पडतें. 'गोवरानंतर मूल खंगलें' असें जुन्या बायका म्हणत, त्यांतील अनुभव खरा होता. १९६३ सालीं लस निघण्यापूर्वीं जगांत दर वर्षीं अदमासें २६ लक्ष माणसें गोवरानें मरत, आणि त्यांत बहुतेक मुलें असत.

भारतांत १९८५ सालीं सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरणांत गोवराच्या लशीचा समावेश झाला. २०१७ पासून गोवर आणि रुबेला यांची एकत्र लस देण्यास आरंभ झाला. रुबेला हा मुलाला सौम्य, परंतु गर्भवतीला झाल्यास तिच्या बाळाला आंधळें किंवा बहिरें करणारा रोग. हें १९४१ सालीं ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रवैद्यानें उघडकीस आणलें होतें. महाराष्ट्रांत १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला शंभर वर्षें होत होतीं त्याच सुमारास, २७ नोव्हेंबर २०१८ रोजीं, शाळाशाळांतून या लशीची मोठी मोहीम निघाली. तेव्हांहि कांहीं पालकांनीं मुलांना त्या दिवशीं घरीं ठेवलें. कणगीमागें मूल लपविणारी जुनी धास्ती अजून पुरती गेली नव्हती. पुढें २०२० च्या महासांथीनें नियमित लसीकरणांत खंड पाडला, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईंत, विशेषतः गोवंडीसारख्या दाट वस्तींत, गोवर उसळून मुलें दगावलीं. लस घरापासून चार पावलांवर असतांना हें घडलें.

देवीच्या इतिहासांतून घेण्यासारखा धडा तो हाच. लस चांगली असणें हें अर्धें काम. ती देणाऱ्यावर आईचा विश्वास बसणें हें दुसरें अर्धें. नकार देणाऱ्या आईला अडाणी म्हणून हिणवल्यानें तो विश्वास बसत नाहीं. ताप येईल का, आला तर काय करावें, पूर्वीं टोचलेल्या मुलाला रोग कसा झाला, या तिच्या प्रश्नांना ओळखीच्या माणसानें ओळखीच्या भाषेंत सरळ उत्तर दिलें म्हणजेच तो बसतो. आणि सुशिक्षित घरांनींहि एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. आजोबा-आजींच्या दंडावर देवीचे जे मोठे गोल वण दिसतात, ते नातवंडांच्या दंडावर नाहींत. तेथील लहानसा वण क्षयाच्या लशीचा. ते मोठे वण पुन्हां उमटविण्याची गरज उरली नाहीं, कारण दोन-तीन पिढ्यांच्या आईबापांनीं मुलांचे रडणें सोसून त्यांचे दंड पुढें केले. गोवराच्या बाबतींत एवढें करणें पुरे आहे: मूल नऊ महिन्यांचें झालें कीं पहिली मात्रा, दीड वर्षाच्या सुमारास दुसरी, आणि आपल्या घरीं कामास येणाऱ्या बाईच्या मुलालाहि त्या दोन्ही मिळाल्या कीं नाहींत, याची चौकशी.